लगडीवरचा शिक्का काय सांगतो?

वाचकांचे प्रश्न

सणासुदीच्या तोंडावर या सदराकडे सोन्या-चांदीची पत्रं वाढतात. यंदा त्यांत जुन्या लगडी, टांकसाळी आणि टंचाच्या (टंच म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, शेकड्यात किंवा हजारात) चिठ्ठ्या यांच्याविषयी जास्त विचारणा आहे. इंदूर, देवास आणि महूहून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. फोटोवरून शुद्धता सांगता येत नाही, तेव्हा फोटो पाठवून "किती टंचाचं असेल?" असं कृपया विचारू नये.

प्रश्न : सासऱ्यांच्या तिजोरीत सोन्याची एक छोटी, जाड वडी निघाली. वर परदेशी कंपनीचं नाव, इंग्रजीत "१० तोळे", ९९९.० आणि एक क्रमांक आहे. ओळखीचे एक सराफ म्हणतात, तोळा म्हणजे १० ग्रॅम, म्हणून ही १०० ग्रॅमची. घरच्या काट्यावर मात्र ११६ ग्रॅमच्या वर भरते. ही सरकारी टांकसाळीची आहे का? आणि खरी आहे हे घरी कसं ओळखावं?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : तुमचा काटा बरोबर आहे. कंपनी सरकारच्या काळात ठरलेला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६३८ ग्रॅमचा. दहा तोळे म्हणजे ११६.६४ ग्रॅम. दहा ग्रॅमला तोळा म्हणणं ही मेट्रिक मापं आल्यानंतरची बोलण्यातली सोय आहे आणि ती बोलण्यापुरतीच ठेवावी. तुमच्या बाबतीत या सोयीची किंमत साडेसोळा ग्रॅम सोनं आहे. विकताना, वाटणी करताना, चिठ्ठी लिहिताना फक्त ग्रॅम लिहा.

वडी सरकारी टांकसाळीची नाही. दहा तोळ्यांच्या वड्या लंडन आणि स्वित्झर्लंडमधल्या खासगी शुद्धीकरण कारखान्यांनी खास हिंदुस्थान आणि आखाताच्या बाजारासाठी ओतल्या. कडा आणि कोपरे गोलसर, आकार मुठीत मावेल असा. १९६३च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी आणि पुढे १९६८च्या कायद्याने लगडीच्या रूपातलं सोनं सामान्य माणसाने जवळ बाळगायला बंदी घातली, आणि त्याच काळात या वड्या दुबईहून गलबतांनी, कापडी जाकिटांच्या कप्प्यांतून चोरून येत राहिल्या. म्हणून जुन्या घरांत अशा वडीची पावती सहसा सापडत नाही. तो कायदा १९९० साली रद्द झाला, त्यामुळे आज ती घरात असणं हा गुन्हा नाही. मात्र मृत्युपत्र किंवा वारसांतल्या वाटणीचा कागद तिच्यासोबत ठेवा. आयकर खात्याने विचारलं तर तो लागतो.

घरी करता येण्याजोगी एक चांगली तपासणी आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. वडीचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. वडी बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही, अशी हाताने लटकती धरा. काटा आता जो आकडा दाखवेल तो वडीने बाजूला सारलेल्या पाण्याचा. शुद्ध सोन्याची घनता १९.३, म्हणून ११६.६४ ग्रॅमच्या वडीला हा आकडा ६.०४च्या आसपास यायला हवा. आतून चांदी असेल तर ११च्या पुढे जाईल, पितळ असेल तर १३च्या पुढे. २२ कॅरटचं सोनं ६.६च्या जवळ येतं. वडी तळाला टेकली तर आकडा एकदम फुगतो, बुडबुडे चिकटले तरी थोडा वाढतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे धरत नाहीत.

ही तपासणी एका लबाडीपुढे मात्र हरते. टंगस्टनची घनता १९.२५ आहे, सोन्याला जवळजवळ चिकटून. आत टंगस्टन भरलेली वडी पाण्यात ६.०६ दाखवेल आणि घरच्या काट्याला तो फरक कळणार नाही. त्यासाठी ध्वनिलहरींचं यंत्र लागतं. सोन्यातून आवाज सेकंदाला सुमारे ३,२४० मीटर वेगाने जातो, टंगस्टनमधून ५,२००, त्यामुळे यंत्रावर जाडी चुकीची दिसते आणि लबाडी उघडी पडते. छिद्र पाडून पाहणं हा शेवटचा उपाय. छिद्र पाडलेली वडी मूळ शिक्क्याच्या भरवशावर विकली जात नाही, ती वितळवून परत टंच काढावा लागतो.

प्रश्न : चांदीच्या पाटाला, म्हणजे साच्यात ओतलेल्या लगडीला, वरच्या बाजूने मधोमध खळगा असतो आणि कधी बारीक फोडही दिसतात. हा दोष आहे का?
— एक वाचिका, देवास

उत्तर : खळगा दोष नाही. साच्यात चांदी कडेकडून थिजत जाते, थिजताना आकसते, आणि शेवटी द्रव उरतो तो मधल्या भागात, म्हणून तिथे बसका खड्डा पडतो. फोडांची गोष्ट वेगळी. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या वीसेक पट प्राणवायू पोटात घेते आणि थिजताना तो एकदम सोडते. मग पृष्ठभाग फुटतो, कधी थेंबही उडतात. ओतण्यापूर्वी मुशीत कोळशाची पूड पसरून प्राणवायू काढला नाही तर हे होतं. दिसायला वाईट, शुद्धतेला धक्का नाही. पण फोडांच्या आत पोकळी असते आणि लबाड माणूस तिथे शिसं भरू शकतो, म्हणून फोडांचा पाट घेताना कापून पाहण्याची रीत आहे.

प्रश्न : एकाच कड्याचा टंच मशीनवर ९१.८ आला आणि तपासणी केंद्राच्या भट्टीत ९१.३. खरा कोणता? भट्टीत नेमकं करतात काय? सराफ्यात काम शिकतो आहे, म्हणून सविस्तर सांगावं.
— एक वाचक, छत्रीबाग

उत्तर : भट्टीचा. मशीन क्ष-किरण टाकून धातू ओळखतं, आणि सोन्यात ते साधारण दहा मायक्रॉनपर्यंतच पाहतं. केसाच्या जाडीपेक्षाही हे बरंच कमी. कड्याला उजाळा देताना तेजाबात बुडवलं की वरच्या थरातलं तांबं आणि चांदी विरघळते आणि कातडीवर सोनं थोडं जास्त उरतं. मशीनला ती कातडीच दिसते. टाक्याच्या, म्हणजे झाळलेल्या सांध्याच्या, जागी रीडिंग घेतलं तर उलट कमी येईल. मशीन दागिना मोडत नाही हा तिचा मोठा गुण आहे. तीन-चार जागी रीडिंग घेऊन चाळणी लावायला ती उत्तम. निकाल मात्र भट्टीचा मानावा.

भट्टीची पद्धत जुनी आहे आणि युरोपातल्या टांकसाळींनी शतकानुशतकं तीच वापरली. आजच्या भारतीय मानकातही मूळ रीत तीच आहे. कड्यातून १२५ ते २५० मिलिग्रॅमचे दोन वेगळे तुकडे घेतात. समजा २५० मिलिग्रॅम घेतले. त्यात सोनं सुमारे २२९ मिलिग्रॅम असेल, म्हणून शुद्ध चांदी त्याच्या अडीच पट, म्हणजे ५७० मिलिग्रॅमच्या आसपास, मिसळतात. हे सगळं ४ ग्रॅमच्या आसपास वजनाच्या शिशाच्या पातळ पत्र्यात पुडीसारखं गुंडाळतात. हाडांच्या राखेची किंवा मॅग्नेशियाची छोटी वाटी, क्युपेल, आधी भट्टीत तापवून घेतात आणि पुडी तिच्यात ठेवतात. भट्टी १,०५० ते १,१०० अंशांवर, हवा खेळती. शिसं वितळून हवेतल्या प्राणवायूने जळतं, त्याचं ऑक्साइड तांबं आणि इतर हलके धातू बरोबर घेऊन वाटीत मुरतं. वीसेक मिनिटांनी वाटीत फक्त सोनं-चांदीचा मणी राहतो. शिशाची शेवटची साय सरकली की मणी एकदम लखलखतो, ती खूण ओळखायला शिका. त्याआधी वाटी बाहेर काढली तर शिसं आत राहतं.

मणी चिमट्याने उचलून ब्रशने घासतात, ऐरणीवर चपटा करतात, तापवून नरम करतात आणि लाटून ०.१२ ते ०.१५ मिलिमीटरची पट्टी काढतात. पट्टी पुन्हा तापवून गुंडाळी करतात. ही गुंडाळी आधी सौम्य आणि मग जरा तीव्र नायट्रिक तेजाबात उकळतात. पहिलं ३३ टक्क्यांचं, दुसरं ४९ टक्क्यांचं. चांदी विरघळते, सोनं तसंच राहतं, पण तपकिरी आणि इतकं ठिसूळ की बोट लावायची सोय नाही. गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन लाल होईपर्यंत तापवलं की ते आक्रसून पिवळं होतं. वजन २२८.२५ मिलिग्रॅम भरलं तर टंच हजारात ९१३, म्हणजे ९१.३ टक्के. म्हणजे इथे पाव मिलिग्रॅमची चूक ही एक सहस्रांशाची चूक, म्हणून काटा ०.०२ मिलिग्रॅमपर्यंतचा तरी हवा.

आता कुठे बिघडतं ते. चांदी दुपटीपेक्षा कमी घातली तर तेजाब आतपर्यंत पोहोचत नाही, थोडी चांदी सोन्यातच अडकते आणि टंच खोटा वाढतो. साडेतीन पटीच्या पुढे गेली तर गुंडाळी तेजाबात भुगा होते आणि धुताना कण वाहून जातात, टंच खोटा घटतो. पट्टी जाड राहिली तर पुन्हा चांदी अडकते. भट्टी फार तापली तर वाटी थोडं सोनंही पिते. मणी घाईने बाहेर काढला तर चांदी थुंकते आणि थेंब उडतो. या चुका एकमेकींना काही अंशी खोडतात, पण त्यावर विसंबून चालत नाही. म्हणून प्रत्येक खेपेला माहीत असलेल्या शुद्ध सोन्याचे दोन तुकडे, तेवढीच चांदी आणि तांबं घालून, त्याच भट्टीत शेजारी ठेवतात. त्यांचं वजन जितकं वाढलं वा घटलं तितकी दुरुस्ती नमुन्याला लावतात. तुमच्या केंद्राने हे पडताळणीचे तुकडे ठेवले होते का, एवढंच विचारा. उत्तर देताना चाचरले तर त्या चिठ्ठीला फार किंमत देऊ नका.

एक लबाडी भट्टीलाही चकवते. इरिडियमची पूड सोन्यात मिसळली तर ती विरघळत नाही, नुसती कणांच्या रूपात बसते. नायट्रिक तेजाबातही ती टिकते, म्हणून सोन्याबरोबर तोलली जाते. गुंडाळीवर काळे ठिपके दिसले किंवा पॉलिश करताना दागिन्यावर कडक खडे लागले तर शंका घ्यावी.

प्रश्न : सामान्य माणसाला सोनं तपासून घ्यायचं तर सरकारी कार्यालय कोणतं? टांकसाळीत जाता येतं का?
— एक वाचक, महू

उत्तर : सरकारी टांकसाळी आज चार : मुंबई, कोलकाता (अलीपूर), हैदराबाद (चेर्लापल्ली) आणि नोएडा. २००६पासून त्या एका सरकारी महामंडळाखाली आहेत. मुंबईच्या टांकसाळीत सोन्याचं शुद्धीकरण आणि परख होते, पण एका अंगठीसाठी इंदूरहून तिथे जाणं शहाणपणाचं नाही. भारतीय मानक ब्यूरोने मान्यता दिलेल्या परख व हॉलमार्क केंद्रात जा. ही केंद्रं खासगी असतात, मान्यता आणि तपासणी ब्यूरोची. ग्राहकाला चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त नग असतील तर नगामागे ४५ रुपये, वर कर. चिठ्ठीवर नगाचं वजन आणि वर्णन आहे ना हे तिथेच पाहा.

इंग्लंडात रचना वेगळी. १३००च्या कायद्याने लंडनच्या सोनारांच्या संघाकडे चांदीची परख दिली, बिबट्याच्या तोंडाची खूण तेव्हापासूनची. बर्मिंगहॅम आणि शेफील्डची परख कार्यालयं १७७३ची. माल बनवणारा एक आणि शिक्का मारणारा दुसरा, हे तत्त्व तिथे सात शतकं आहे. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं, १६ जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. तो क्रमांक ब्यूरोच्या ॲपवर टाकून नगाचा प्रकार आणि शुद्धता जुळते का पाहा. क्रमांक खरा पण नग वेगळा, अशी फसवणूक होते. लगडी आणि बिस्किटांना ही सक्ती नाही, तिथे शिक्का मारणाऱ्याची पत बघावी लागते.

प्रश्न : होळकरांची टांकसाळ सोन्याच्या लगडी काढायची का? मल्हारनगरचा रुपया आणि कलदार यांत फरक काय?
— एक वाचक, राजवाड्याजवळून

उत्तर : टांकसाळीत लगडी जायच्या आणि नाणी बाहेर यायची. लगडी विकणं हे तिचं काम नव्हतं. मल्हारनगर म्हणजे इंदूरच. तिथल्या रुपयावर सूर्याचं मुख, महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान. नाव मात्र दिल्लीच्या शाह आलमचं, आणि तो बादशहा १८०६ साली वारल्यानंतरही कित्येक दशकं तेच चाललं. अपवाद यशवंतराव होळकरांचा. त्यांनी शके १७२८मध्ये संस्कृत मजकुराचा रुपया पाडला. शिवाजीराव होळकरांचा चेहरा असलेला यंत्राचा रुपया एकोणिसावं शतक संपतानाचा आहे, आणि १९०२मध्ये संस्थानात ब्रिटिश रुपया आला.

हाताने पाडलेल्या रुपयाची रीत अशी : चांदी परखून सळ्या ओतायच्या, छिन्नीने तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा तोलून जास्तीचा भाग कापायचा, ठोकून गोल करायचा, आणि दोन ठशांमध्ये ठेवून घण मारायचा. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, म्हणून कोणत्याही एका रुपयावर पूर्ण मजकूर येत नाही. टांकसाळीची खूण नाण्याबाहेर राहिली म्हणून "खोटं आहे" असं म्हणणारे लोक आजही भेटतात. कलदार म्हणजे यंत्राचा : गोल, कडेला दातरे, तोल नेमका. संस्थानी हाली रुपया कलदारात बदलताना बट्टा बसे, आणि सराफांची कमाई त्या बट्ट्यातच होती.

इंदूरच्या बाजारात चांदी यायची कुठून, हा यातला खरा रंगतदार भाग. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई आणि तिचे पैसे चिनी चांदीच्या लगडींत, होडीच्या आकाराच्या सायसींत, मुंबईला येत. १८२०च्या दशकात मुंबईच्या किल्ल्यात बांधलेल्या वाफेच्या टांकसाळीत त्यांचे रुपये होत. २६ जून १८९३पर्यंत कोणीही चांदी नेऊन टांकसाळीत रुपये पाडून घेऊ शकत असे. सरकार पाडणावळ दोन टक्के घेई, वितळवणूक वेगळी. त्या दिवशी ही मुभा बंद झाली आणि रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपासून सुटली. चांदी पुढे उतरत गेली तरी रुपया तसाच राहिला, आणि खोटा रुपया खऱ्या चांदीचा पाडूनही फायदा होऊ लागला. बनावट नाण्यांत खऱ्या रुपयाइतकीच, नेमकी ९१.७ टक्के चांदी का सापडते, याचं उत्तर हे आहे.

प्रश्न : एका जुन्या अमेरिकी लगडीचा फोटो पाहिला. दोन कोपरे कापलेले. कुणी चोरले असावेत का?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : नाही, ते परखणाऱ्याने कापले. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर सान फ्रान्सिस्कोत खासगी परखकार आणि नंतर सरकारी टांकसाळ धूळ-सोनं वितळवून लगडी करू लागले. वितळलेलं सोनं थिजताना सगळीकडे सारखं राहीलच असं नाही, म्हणून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून, एक वरचा आणि एक खालचा, तुकडा घेत. दोघांचा टंच जुळला तरच शिक्का. लगडीवर क्रमांक, वजन औंसांत, टंच सहस्रांशांत आणि डॉलरमधली किंमत असे. १८५७ साली "सेंट्रल अमेरिका" हे जहाज बुडालं. त्यातून मिळालेल्या सर्वांत मोठ्या लगडीवर ९३३.९४ औंस आणि ९०३ टंच आहे. तेव्हाचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलरच्या थोडा वर होता. गुणाकार केला की १७,४३३ डॉलर आणि काही सेंट येतात, आणि लगडीवर तोच आकडा कोरलेला आहे. वजन गुणिले टंच गुणिले भाव, सगळा हिशोब लगडीच्या पाठीवर. आजच्या बिस्किटावर भाव नसतो, बाकी मांडणी तीच.

प्रश्न : आजीच्या डब्यात काही जुने रुपये आहेत. व्हिक्टोरिया, पंचम जॉर्ज, आणि काही १९४२-४३चे. चांदी किती धरावी?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : १८३५ ते १९३९पर्यंतच्या रुपयांत ११.६६ ग्रॅममध्ये १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४०पासूनच्यांत निम्मीच, ५.८३ ग्रॅम, बाकी चाळीस टक्के तांबं, पाच टक्के निकेल, पाच टक्के जस्त. १९४७चा रुपया निकेलचा. घासलेल्या नाण्याला एक-दोन टक्के कमी धरा. इंदूरच्या बाजारभावात "चांदी सिक्का" नगावर बोलतात, चौरसा आणि टंच चांदी किलोवर. १९४२च्या रुपयाला सिक्क्याचा भाव मागू नका, मिळणार नाही, आणि कुणी देत असेल तर दुसऱ्या बाजूने काहीतरी कापत असेल.

निम्म्या चांदीच्या रुपयांमागे युद्धाची टंचाई आहे. हिंदुस्थानने उधार-भाडे करारात अमेरिकेकडून २२.६ कोटी औंस, म्हणजे सुमारे ७,००० टन चांदी उसनी घेतली होती. ती चांदीतच परत करायची म्हणून जुने चार धातूंचे रुपये गोळा करून त्यांतली चांदी वेगळी काढावी लागली, आणि अलीपूरला त्यासाठी शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. परतफेड १९५७मध्ये पुरी झाली.

प्रश्न : १९१८ची गिनी आहे, घोड्याच्या खाली इंग्रजी "आय" अक्षर दिसतं. काय आहे हे?
— एक वाचक, देवास

उत्तर : मुंबईत पाडलेली. पहिल्या महायुद्धात लंडनच्या शाही टांकसाळीने मुंबईत शाखा उघडली, तिने १९१८ सालच्याच गिन्या काढल्या आणि पुढच्या वर्षी ती बंद झाली. वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२ मिलिमीटरच्या जरासा वर, २२ कॅरट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. अक्षर सालाच्या बरोबर वर, जमिनीच्या रेघेवर असतं. जुन्या बनावट गिन्या बऱ्याचदा सोन्याच्याच असतात, म्हणून टंच बरोबर आला तरी नाणं खरं ठरत नाही. अक्षरांच्या कडा आणि घोड्याची आयाळ भिंगातून पाहा.

प्रश्न : बँकांचं सोनं ९९५ आणि दुकानातलं बिस्किट ९९९ असं का? ९९५ हा आकडा आला कुठून?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : क्लोरीनमधून. सिडनीच्या टांकसाळीत फ्रान्सिस मिलर यांनी १८६७ साली वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडायची पद्धत बसवली. आधी लोखंड, जस्त, शिसं, मग तांबं आणि चांदी यांची क्लोराइडं होऊन वाफ होतात किंवा वर तरंगतात. ९९५-९९६पर्यंत हे झपाट्याने होतं. त्यापुढे क्लोरीन सोन्यालाच धरू लागतो आणि धुरात सोनं जातं, म्हणून तिथे थांबणं परवडतं. त्याहून वर जायचं तर वोलविल यांची १८७४ची विजेची पद्धत. सोन्याची पट्टी आम्लात लटकवून एका टोकाला विरघळवायची आणि दुसऱ्या टोकाला शुद्ध सोनं जमा करायचं. ९९९.९ मिळतं, पण सोनं आठवडाभर टाक्यांत अडकतं आणि व्याज चढतं.

लंडनच्या बाजारातली मोठी लगड ३५० ते ४३० औंसांची, किमान ९९५ टंचाची. साधारण साडेबारा किलो. १९९१च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने ४६.९१ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण पाठवलं होतं. मोठ्या व्यवहारात लगडीचा आकार ठरलेला नसतो, क्रमांक, टंच आणि ओतणाऱ्याचा शिक्का ठरलेला असतो. प्रत्येक लगडीचं वजन वेगळं आणि हिशोब शुद्ध सोन्याचा. किलोला ९९५ आणि ९९९मध्ये ४ ग्रॅमचा फरक पडतो. दुकानदार ९९९चा भाव लावून ९९५चं बिस्किट देत नाही ना, एवढं पाहा.

प्रश्न : आईच्या जुन्या बांगड्या वितळवून लगड करायची आहे. सराफ आधीच "सहा टक्के घट" म्हणतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचिका, स्नेहलतागंज

उत्तर : वितळवण्याआधी सांगितलेली घट मान्य करू नका. सोनं १,०६४ अंशांना वितळतं आणि त्या उष्णतेला उडून जात नाही. घट येते ती लाख, मळ, खडे, मेण आणि टाक्यातले हलके धातू जळण्याची. पोकळ, लाखेच्या बांगड्यांत ती मोठी असते, भरीव पाटल्यांत नगण्य.

दिवसाउजेडी जा, रात्री सराफ्यात खाण्याची गर्दी असते आणि काट्याकडे लक्ष राहत नाही. खडे काढून, बांगड्या गरम साबणपाण्यात धुऊन, वाळवून वजन करा आणि ते लिहून घ्या. मूस नवी किंवा तुमच्यासमोर रिकामी करून दाखवलेली असावी. चिमूटभर सवागी (टाकणखार) पुरते. फार घातली तर तिच्यात सोन्याचे बारीक मणी अडकून राहतात, अगदी कमी घातली तर ओतताना सोनं ओढलं जातं आणि मुशीला चिकटतं. ओतण्यापूर्वी ग्रॅफाइटच्या कांडीने ढवळायला सांगा, नाहीतर टाक्याचा भाग एका कडेला राहून दोन टोकांचा टंच वेगळा येतो. साचा कोमट आणि किंचित तेल लावलेला हवा, कारण ओलसर साच्यात सोनं उडतं. लगड ठोकताना तडकली तर शिसं शिरलं आहे. ते अगदी किंचित असलं तरी सोन्याला ठिसूळ करतं, मग पुन्हा शुद्ध केल्याशिवाय घडत नाही.

समजा ८० ग्रॅम घातले आणि लगड ७९.६२ ग्रॅमची निघाली. दोन्ही टोकांतून ड्रिलने भुगा काढून टंच घ्या. ९०२ आला तर शुद्ध सोनं ७९.६२ गुणिले ०.९०२, म्हणजे ७१.८२ ग्रॅम. ९१६ऐवजी ९०२ येणं ही जुन्या दागिन्यांत टाक्याची करामत असते, सराफाची असेलच असं नाही. त्याच सोन्याचं ९९५चं बिस्किट हवं असेल तर ७२.१८ ग्रॅम मिळायला हवं, त्यातून शुद्धीकरणाची मजुरी वजा. ड्रिलचा भुगा आणि टंच काढून उरलेला तुकडा परत मागा, तो तुमचाच आहे. मुशीच्या तळाची काच झालेली सवागी फोडून भिंगाने पाहा. मणी दिसले तर तेही तोलात धरायला लावा, नाहीतर संध्याकाळी ती राख झारेकऱ्याकडे, म्हणजे राखेतून सोनं वेचणाऱ्याकडे, जाते आणि त्याचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात.